शेवयांच्या सोऱ्यातून घरच्या नूडल्स

आमच्या मिरजेत एप्रिल लागला की गच्च्या भरायला लागतात. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, शेवया. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या हाताखाली वाळवणं घातली. गेली तीन वर्षं त्याच गच्चीवर शेवयांच्या शेजारी आणखी एक वाळवण असतं. तळहातावर मावतील अशी नूडल्सची घरटी. दोन दिवसांच्या कामात सोळा होतात आणि आम्हाला ती महिनाभर पुरतात.

हे सुरू झालं ते यांच्या ब्लडप्रेशरमुळे. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं. लोणचं, पापड, फरसाण ताटातून काढलं. धाकटी तेव्हा तिसरीत होती. क्लासहून साडेसहाला यायची ती दारातूनच ‘मॅगी कर’ म्हणत. थोरला दहावीत, तो रात्री अकराला अभ्यासातून उठून तेच मागायचा. (आमच्याकडे कुठल्याही कंपनीच्या नूडल्सला मॅगीच म्हणतात.) आणि त्यांच्यासाठी केलं की हेही वाडगा पुढे करायचे. एका संध्याकाळी धाकटी मसाल्याची रिकामी पुडी बोटानं पुसून चाटत बसली होती. ती पुडी हातातून घेतली, मग पाकीटही उलटं करून वाचलं.

तुम्हीही वाचा. मागच्या तक्त्यात सोडियम लिहिलेलं असतं. तो आकडा अडीचने गुणला की मीठ निघतं. एका माणसाच्या पाकिटात साधारण सातशेपासून हजार मिलिग्रॅमपर्यंत सोडियम सापडतं, म्हणजे पावणेदोन ते अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. मुलांना त्याहूनही कमी. एका संध्याकाळच्या खाण्यात दिवसभराचं निम्मं मीठ जात असेल, तर ताटातला पापड काढून मी काय मिळवत होते?

दुसरी गोष्ट तेलाची. पाकिटातली वडी दोन मिनिटांत शिजते याचं कारण ती आधीच वाफवलेली आणि तळलेली असते. १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी ही युक्ती बसवली. वाफवलेली नूडल गरम तेलात गेली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं आणि मागे सगळीकडे बारीक भोकं राहतात. पुढे आपण उकळतं पाणी घातलं की ते त्याच भोकांतून आत शिरतं आणि शेव लगेच मऊ होते. पण पाणी गेलेल्या जागी तेल बसलेलं असतं. शंभर ग्रॅम वडीत तेरा-चौदापासून वीस ग्रॅमपर्यंत, आणि ते बहुतेक वेळा पाम तेल.

हे कळलं आणि माझा अर्धा प्रश्न सुटला. वाफ आपल्याकडे आहे. तळण सोडून द्यायचं आणि त्याच्या जागी ऊन वापरायचं. भोकं पडणार नाहीत, त्यामुळे दोन मिनिटांच्या जागी पाच-सहा मिनिटं लागतील, एवढाच फरक. गव्हाचं पीठ वळून, वाळवून, ठेवून खायचं हे आपल्याला कोणी शिकवायला नको. शेवया, गव्हले, नखुल्या, मालत्या सगळं हेच तर आहे. आणि गव्हाची कणीक मसाल्याच्या पाण्यात शिजवून खायची म्हटली तर आमच्या चकोल्या आहेतच.

पण वाफ मी सुरुवातीला वगळली होती. शेवया आपण कच्च्याच वाळवतो, म्हणून नूडल्सही तशाच पाडून वाळवल्या. दिसायला सुंदर झाल्या. उकळत्या पाण्यात टाकल्यावर तीन मिनिटांत पाणी गढूळ, पाच मिनिटांत सगळा लगदा. शेवया आपण तुपात भाजतो आणि दुधात हलक्या हातानं शिजवतो, म्हणून त्या तग धरतात. उकळत्या रश्श्यात कच्ची कणीक पीठ सोडते. वाफेत तिचं बाहेरचं पीठ शिजून घट्ट बसतं, मग ती पाण्यात विरघळत नाही. बाकी काहीही कमीजास्त करा, वाफ चुकवू नका.

पीठ

आठ घरट्यांचं माप देते. ३५० ग्रॅम बारीक दळलेली कणीक आणि १५० ग्रॅम बारीक बन्सी रवा. चहाचा अर्धा चमचा मीठ, पोह्याचा एक चमचा तेल, आणि पाणी अंदाजे २८० मिलिलिटर.

बन्सी रव्याचा आग्रह आहे. बन्सी गहू कडक, पिवळसर दाण्याचा. इटलीतला पास्ता ज्या जातीच्या गव्हाचा करतात त्याच जातीचा. त्यामुळे शेव चिवट होते आणि शिजल्यावरही एकेक सुटी राहते. नुसत्या कणकेच्या नूडल्स खाताना तोंडात पोळी खाल्ल्यासारखं वाटतं. बन्सी मिळाला नाही तर साधा बारीक रवा घ्या, चालतं. आमच्या भागात खपली गहू मिळतो, शेवयांना आत्या तोच घेतात. कणकेतले शंभर ग्रॅम खपलीचं पीठ घातलं की रंग तांबूस येतो आणि चवीला गोडसर लागतं.

मैदा घालू का, असं सगळ्या मैत्रिणी विचारतात. घातला तर काम सोपं होईल, सोऱ्यातून पीठ सरकेल. पण मग घरी करण्यातलं निम्मं कारण गेलं. गव्हाचा कोंडा आणि अंकुर पोटात जावा म्हणून तर हा खटाटोप.

नाचणीचा मला फार उत्साह होता. एकदा निम्मी कणीक, निम्मी नाचणी घेतली. नाचणीला कणकेसारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे सोऱ्यातून बोटभर लांबीचे तुकडेच पडत राहिले. आता पाचशे ग्रॅममध्ये साठ ग्रॅमच्या वर नाचणी घालत नाही. शेवग्याच्या पाल्याची पूड मात्र चांगली चालते, चहाचा एक चमचा सपाट. हिरवट रंग येतो. दोन चमचे घातले की कडवट होतं आणि मुलं लगेच ओळखतात.

रवा आधी निम्म्या पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग त्यात कणीक, मीठ, तेल घालून उरलेलं पाणी लागेल तसं घेत मळा. पोळीच्या कणकेपेक्षा जराशी घट्ट, पुरीच्या कणकेइतकी नाही. दहा मिनिटं चांगली तिंबा आणि ओल्या फडक्याखाली पाऊण तास ठेवा. या पाऊण तासात घाई करू नका. न मुरलेली कणीक सोऱ्यात घातली तर दाबताना जीव जातो आणि शेवेला कडेनं काटे येतात. मुरलेला गोळा बोटानं दाबला की खळगा पडतो आणि हळूहळू परत भरून येतो. तो भरून यायला लागला की तयार समजा.

सोऱ्या हँडल फिरवायचा घ्या. दोन्ही हातांनी दाबायच्या लाकडी सोऱ्यानं एक-दोन घरटी होतील, आठ करता करता खांदे भरून येतात. चकती शेवेची, मधल्या भोकांची. भोक साधारण दोन मिलिमीटर. अगदी बारीक चकतीची शेव लवकर शिजते, पण वाळताना जास्त तुटते. सोऱ्याच नसेल तर पोळी लाटा, कणीक भुरभुरवून सैल घडी घाला आणि सुरीनं बारीक पट्ट्या कापा. चपट्या होतात. माझ्या बहिणीला त्याच जास्त आवडतात.

वाफ

मोदकपात्राच्या चाळणीला तेलाचा हात लावा आणि सोऱ्या गोल फिरवत थेट चाळणीवर शेव पाडा. जिलबी घालतो तसा हात गोल, पण थोडा वर धरायचा, म्हणजे शेव आपोआप सैल वेटोळी घेत पडते. एकावर एक दीड-दोन थर, त्याहून जास्त नको. जाड थर केला तर मधली शेव कच्ची राहते आणि घरट्याचा गोळा होतो. एका वेळी माझ्या पात्रात तीन बसतात. तुमच्याकडे इडलीपात्र असेल तर एकेका साच्यात छोटी छोटी पाडा, धाकट्या मुलांच्या पोटापुरती तेवढीच होतात.

झाकणाला आतून सुती फडकं बांधा. हे मी आत्यांकडून शिकले, त्या मोदकांना करतात. झाकणाला जमलेलं पाणी टपकलं तर जिथे थेंब पडतो तिथली शेव चिकटून तिथे पांढरा डाग राहतो, आणि वाळल्यावर घरटं नेमकं तिथेच तुटतं.

पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पात्र चढवा आणि बारा मिनिटं मोजा. झाकण काढल्यावर रंगाकडे बघा. कच्ची शेव फिकी, कोरडी, मातकट दिसते. वाफ लागलेली शेव गडद होते, तिच्यावर तुकतुकी येते आणि ओल्या बोटानं दाबली तर बोटाला काही लागत नाही. एक शेव तोडून आत पांढरा ठिपका दिसतो का ते बघा. दिसला तर आणखी तीन मिनिटं.

आता पात्र उतरवून पाच मिनिटं तसंच राहू द्या. गरम असताना हात घातला तर शेवा एकमेकींना चिकटून येतात. कोमट झाल्या की बोटांना थेंबभर तेल लावून घरटं उचला आणि सगळीकडून हलकेच मोकळं करा, विंचरल्यासारखं. एक घरटं नीट मोकळं करायला अर्धं मिनिट लागतं. हे काम आता धाकटीकडे आहे आणि ती माझ्यापेक्षा चांगलं करते, तिची बोटं बारीक आहेत.

ज्यांच्याकडे ऊन नाही, गच्ची नाही, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. माझी नणंद ठाण्यात फ्लॅटमध्ये राहते. ती वाफवलेली घरटी गार करून डब्यात भरते, दोन दिवस फ्रीजमध्ये आणि त्यापुढची फ्रीझरमध्ये. फ्रीझरमधलं घरटं न वितळवता तसंच उकळत्या पाण्यात टाकायचं. उलट तिच्या नूडल्स माझ्यापेक्षा लवकर शिजतात, तीन मिनिटांत.

वाळवण

इथे माझं सगळ्यात जास्त नुकसान झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये सकाळी दहाला घरटी पत्र्यावर ठेवली. दुपारपर्यंत खडखडीत वाळली. मला वाटलं, झालं काम. डब्यात भरताना उचलली तर हातात चुरा. आठातली सहा तुटली. कडक उन्हात शेव बाहेरून लगेच आवळते आणि आत अजून ओल असते. मग आतली ओल निघताना बाहेरचं कवच तडकतं. बारीक बघितलं तर शेवेवर आडव्या केसासारख्या भेगा दिसत होत्या.

आता असं करते. संध्याकाळी वाफवून घेते आणि रात्रभर घरात पंख्याखाली, सुपात किंवा बांबूच्या टोपलीत ठेवते. खालून हवा लागली पाहिजे, त्यामुळे स्टीलचं ताट नको. सकाळी ती वरून आवळलेली असतात पण वाकवली तर वाकतात. त्या दिवशी आठ ते अकराचं ऊन द्यायचं, वर जुन्या मलमलीच्या धोतराचं पान टाकून. अकरा वाजता उचलून सावलीत. दुपारी उलटी करायची. दुसऱ्या दिवशी दिवसभर ऊन, अजूनही फडक्याखालीच. धूळ, माश्या आणि चिमण्या, तिघांपासूनही ते फडकं वाचवतं.

वाळलं की नाही हे रंगावरून कळत नाही. कडेची एक शेव मोडा. कट् असा आवाज येऊन सरळ मोडली पाहिजे. वाकून मग मोडली तर आणखी एक ऊन. मधली शेवही मोडून बघा, कडेची नेहमी आधी वाळते. पावसाळ्यात करायचं झालं तर ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर, साठ-सत्तर अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून तीन-चार तास. मी एक-दोनदा केलंय. होतं, पण विजेचं बिल आणि दाराशी राखण दोन्ही बघता मी मेमध्येच जास्तीची करून ठेवते.

डबा स्टीलचा, कोरडा, घट्ट झाकणाचा. मी तारखेची चिठ्ठी चिकटवते आणि दोन महिन्यांत संपवते. कणकेत गव्हाचा अंकुर असतो आणि त्याचं तेल कालांतरानं खवट होतं. मैद्याच्या वस्तू जास्त टिकतात त्या अंकुर आणि कोंडा काढून टाकल्यामुळेच. डबा उघडल्यावर आधी वास घ्या. जुन्या शेंगदाण्यासारखा वास आला किंवा कुठे हिरवट-पांढरा ठिपका दिसला तर सगळंच टाकून द्या. वरचं काढून खालचं वापरू, असं करू नका.

मसाला

मुलांना नूडल्स हव्या असतात त्या खऱ्या तर या पुडीसाठी. इथे हात आखडता घेतला तर पुढच्या आठवड्यात पाकीट परत घरात येतं.

अजिनोमोटोची भीती घालून मी मुलांना पाकिटापासून लांब केलेलं नाही. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ती चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं, आणि तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही नैसर्गिकपणे असतं. मग मी टोमॅटोच्या मागे लागले. मार्च-एप्रिलमध्ये टोमॅटो स्वस्त होतात तेव्हा दोन किलो आणते, पातळ चकत्या करून चार दिवस कडक उन्हात वाळवते. दोन किलोचे शंभर-सव्वाशे ग्रॅम उरतात. कुडकुडीत झाले की मिक्सरमधून पूड. लालभडक होते आणि नुसती जिभेवर ठेवली तरी तोंडाला पाणी सुटतं. मसाल्यात हीच पूड जीव आणते, म्हणून मला कमी मीठ पुरतं.

सोळा-सतरा वाडग्यांचं माप: पोह्याचे तीन चमचे धणे, एक चमचा जिरे, चहाचा एक चमचा बडीशेप, तेवढीच मिरी, पाव चमचा मेथीदाणे, तीन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि पाच ब्याडगी मिरच्या. हे मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं. धणे आणि जिरे एकत्र टाकले तर धणे भाजेपर्यंत जिरे करपतात. मेथी सगळ्यात शेवटी, गरम तव्यावर नुसती फिरवून घ्यायची. पूर्ण गार झाल्यावर वाटायचं. कोमट असताना वाटलं तर भांड्याच्या झाकणाला ओल धरते आणि मसाल्याचे खडे होतात.

त्यात आता पोह्याचे तीन चमचे वाळवलेला कांदा आणि एक चमचा वाळवलेला लसूण घालून परत फिरवा. कांदा उन्हात वाळवून मग कोरड्या कढईत तांबूस करून घेतला तर वास फार छान येतो. मग टोमॅटोची पूड पोह्याचे दोन चमचे, हळद चहाचा एक चमचा (आम्ही सांगलीची माणसं, हळद आमची घरची), सुंठ एक, आमचूर दोन, साखर एक, मीठ तीन, आणि रश्श्याला दाटपणा यावा म्हणून पोह्याचा एक चमचा कॉर्नफ्लोअर. सगळं चाळून बाटलीत.

मिठाचं एक सांगते. पहिल्या बाटलीत मी साडेचार चमचे घातलं होतं. पुढच्या प्रत्येक बाटलीत अर्धा चमचा कमी केला, कोणाला काही न बोलता. चौथ्या बाटलीला तीनवर आले. जीभ हळूहळू सवय करून घेते. एकदम तीनवर आणलं असतं तर दोघांनी वाडगे तसेच ठेवले असते. आता मसाल्यातलं आणि पिठातलं धरून एका वाडग्यात सव्वा ते दीड ग्रॅम मीठ जातं. यांच्या वाडग्यात मसाला एकच चमचा आणि वरून अर्धं लिंबू.

शिजवताना

एका माणसाला एक घरटं, पाणी ३०० मिलिलिटर. पातेल्यात चहाचा एक चमचा तेल, त्यात गाजर, फरसबी, मटार, कोबी जे असेल ते बारीक चिरून दोन मिनिटं परता. पाणी ओता, उकळी येऊ द्या, मग घरटं सोडा. पहिली दोन मिनिटं हलवू नका. मऊ झालं की ते आपोआप उलगडतं, त्याआधी चमचा मारला की तुटतं. चौथ्या मिनिटाला उकडलेली मोडाची मटकी मूठभर, किंवा एक अंडं फोडून. नुसत्या नूडल्सनं पोट तासाभरात रिकामं होतं. मटकी किंवा अंडं घातलं तर धाकटी थेट जेवायलाच येते, मध्ये डबे धुंडाळत नाही.

मसाला शेवटच्या मिनिटाला, चहाचा सपाट दीड चमचा. आधीपासून उकळला तर वास सगळा वाफेबरोबर जातो आणि घरभर घमघमाट, वाडग्यात फिकं, असं होतं. गॅस बंद करून एक मिनिट झाकून ठेवा.

पहिल्यांदा वाडगा पुढे ठेवला तेव्हा धाकटी म्हणाली, “ही मॅगी नाही.” खरं होतं तिचं. रंग तांबूस, शेव सरळ, दाताखाली जरा चावावी लागणारी. मी तिला मॅगी म्हणून दिलंच नाही त्यानंतर. आमच्या घरात या पदार्थाला घरटं म्हणतात. “आज घरटं कर” असं ती सांगते आणि किती वाजता करायचं तेही. तुम्हीही मुलांना ‘तुझ्या पाकिटासारखंच आहे’ असं सांगून देऊ नका. सारखं नाहीये, आणि मुलांना ते पहिल्या घासाला कळतं.

तुटलेला चुरा टाकायचा नाही. आठ घरट्यांमागे वाटीभर तरी निघतो. तुपावर परतून, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन शेवयांचा उपमा करतो तसा त्याचा उपमा करते. आत्यांना घरट्यापेक्षा तोच आवडतो.

थोरला आता पुण्याला होस्टेलवर आहे, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. गॅस लावायची परवानगी नाही, फक्त विजेची किटली आहे. त्याच्यासाठी बारीक चकतीची घरटी वेगळी करते. प्रत्येक घरटं एका छोट्या पिशवीत, त्यात मसाल्याची कागदी पुडी आणि उन्हात वाळवलेलं गाजर, कोबी, मटार पोह्याचा एक चमचा. नूडल्स किटलीत उकळायच्या नाहीत, किटली खराब होते. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घरटं आणि भाजी ठेवायची, वर चार बोटं उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण लावून डबा टॉवेलात गुंडाळून पाच मिनिटं ठेवायचा. ते पाणी थोडं काढून टाकून किटलीतलं ताजं उकळतं पाणी घालायचं, मसाला मिसळायचा आणि परत पाच मिनिटं झाकायचं. दुसरं पाणी घातल्याशिवाय मधली शेव कडक राहते. हे मी घरी चार वेळा करून, घड्याळ लावून बघितलं आणि मगच त्याच्याबरोबर डबा दिला. गणपतीला घरी आला तेव्हा डबा रिकामा होता. आता दर वेळी सोळाऐवजी चोवीस करते, त्यातली आठ खोलीतल्या बाकीच्या मुलांची.